उस्तिन्या नावाचं झुडूप

एप्रिल संपता संपता कोंद्राती फोमिचने येगोरोव्नाची ब्लॅककरंटच्या झुडपांची अख्खी रांग उकळत्या पाण्याने मारली, आणि तीही प्रेमापोटी. आमच्या वसाहतीत माणसं एकमेकांचं खरं नुकसान करतात ते मदत करतानाच. दुश्मनीसाठी एवढे कष्ट कोण घेतो?

मी बागवसाहतीच्या फाटकाशी दुकान चालवते. पाव, मीठ, काडेपेट्या, बरण्यांची झाकणं, आणि जुलै आला की साखरेची पोती. माझी स्वतःची बाग म्हणाल तर बटाट्याचे वाफे, बस्स. त्यामुळे मला कुणाचा हेवा करायचं कारण नाही आणि बघायला वेळ भरपूर. कुणी कुणाला काकडीची रोपं दिली, त्याबदल्यात कुणाकडून शेणखत आलं, कुणाचं देणं अजून फिटलं नाही, हे सगळं माझ्या डोक्यात आपोआप मांडलं जातं. शनिवारी बीस्क शहरातून बस येते, लोक उतरतात, आधी माझ्याकडे पाव घेतात आणि मग आपापल्या बागांत पांगतात.

उस्तिन्या येगोरोव्ना बसने येत नाही. नवरा गेल्यापासून ती बारा महिने इथेच राहते. रेल्वेच्या उपाहारगृहात तिने उभा जन्म स्वयंपाक केला. आवाज असा, की फलाटाच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा हमाल दचकायचा. नवरा सावेली हा शहरापलीकडच्या फळसंशोधन केंद्रात ट्रक चालवायचा. तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक रोप आणलं, टेबलावर केकशेजारी ठेवलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "हे मी स्वतः बीपासून वाढवलंय. केंद्रातल्या साहेबलोकांना जमलं नाही ते ड्रायव्हरला जमलं. आणि याचं नाव उस्तिन्या."

तेव्हा सगळे हसले. तिसऱ्या उन्हाळ्यात कुणी हसेना. फळं चेरीएवढी, घड वितीएवढे लांब, पिकल्यावरही गळायची नाहीत. खुडली की देठापासून कोरडी सुटायची, बोटाला रस लागायचा नाही. जूनमधल्या थंडीच्या कडाक्याने सगळ्यांचा मोहर काळा पडला त्या वर्षीही हिची झुडपं सैनिकासारखी ताठ उभी राहून बादल्या भरत होती. सावेलीने त्या एका रोपाच्या फांद्या मातीत दाबून दाबून अख्खी रांग केली. घरापुरती फळं साखरेत चेचून बरण्यांत जायची आणि उरलेली बादली हमरस्त्याच्या कडेला. ट्रकवाले दुसऱ्या बायकांच्या बादल्या ओलांडून येगोरोव्नापाशी थांबायचे. त्या बायकांनी तिला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही.

फळं तिने सगळ्यांना खाऊ घातली. लावायला काडी मात्र कुणाला दिली नाही.

आमच्याकडे तसं रोप कुणी मागत नाहीच. मागून आणलेलं रोप रुसतं, आणि देणाऱ्याचे आभार मानले तर ते हमखास मरतं. रोप चोरायचं असतं. मालकाने सभ्यपणा दाखवायचा तो असा: शरद ऋतूत पानं झडली की एखाद्या संध्याकाळी फाटकाची कडी लावायला विसरायचं आणि खिडकीकडे पाठ करून चहा पीत बसायचं. चोराने आवाज न करता काड्या कापायच्या आणि पुढे जन्मभर नाही म्हणायचं. येगोरोव्नाने मात्र फाटकाला कुलूप घातलं होतं.

"माझं नाव आहे ते, लुशा," ती मला म्हणायची. "नाव कुणी वाटतं का?"

गेल्या हिवाळ्यात शुबिन नावाचा रोपवाटिकेचा मालक आमच्याकडे उगवला. चकचकीत बूट, बर्फात दोनदा घसरला. हमरस्त्यावर कधीतरी त्याने येगोरोव्नाची बादली घेतली होती आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. त्याला ही जात हवी होती. हेक्टरांनी लावायची, यंत्राने फळं झोडून काढायची, आणि शिवाय घरच्या बागांसाठी कुंड्यांतून विकायची. "अशी दोन्हीकडे चालणारी जात दहा वर्षांत एखादी सापडते," तो म्हणाला. "रीतसर नोंदणी करू. नाव उस्तिन्याच ठेवू. निर्माता म्हणून तुमच्या यजमानांचं नाव लागेल. जुलैमध्ये फळं धरली की मी एका जाणकार बाईंना घेऊन येतो. त्यांनी झुडूप डोळ्यांनी पाहिलं की झालं."

मी विचारलं, "आणि देणार किती?"

येगोरोव्नाने मला कोपराने ढोसलं. तिला पैशांचं काही पडलं नव्हतं. सावेलीला केंद्रात लोक 'प्राध्यापक चाक' म्हणून चिडवायचे. त्याचं नाव सरकारी यादीत त्याच साहेबांच्या शेजारी छापलं जाणार होतं. त्या दिवसापासून ती मान अशी ताठ करून चालायला लागली, की मला वाटलं हिला थंडी बाधली.

आता फोमिच. हा येगोरोव्नाचा कुंपणापलीकडचा शेजारी. विधुर, निवृत्त सुतार, अतिशय सरळ मनुष्य. इतका सरळ, की ती आपल्याला आवडते हे त्याने स्वतःलासुद्धा अजून सांगितलेलं नाही. मार्चमध्ये, बर्फ असतानाच, आमच्याकडे ब्लॅककरंटच्या झोपलेल्या झुडपांवर झारीने उकळतं पाणी घालतात. कळ्यांत कोळी नावाची बारीक कीड दडून बसलेली असते, ती मरते. दरवर्षी येगोरोव्ना हे स्वतः करायची. या वर्षी मार्चमध्येच तिला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे नोवोसिबिर्स्कला जावं लागलं, आणि तिथे ती अडकली.

फोमिचने वाट पाहिली, पाहिली, आणि मग ठरवलं की बाई यायच्या आत काम उरकून टाकावं. बाई खूश होईल.

बाई मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बसमधून उतरली. डोळ्यावरची पट्टी नुकतीच निघाली होती. माझ्या दुकानात शिरून म्हणाली, "अगं लुशा, तुला मिशा आहेत! कधी बोलली नाहीस." आम्ही हसत हसतच तिच्या बागेकडे निघालो. सगळ्या बागांत ब्लॅककरंटवर हिरवी लव आली होती. तिच्या रांगेवर काही नव्हतं. जळक्या काड्यांच्या खराट्यांची नुसती रांग.

ती हसायची थांबली. खाली बसली आणि नखाने एका काडीची साल खरवडली. आत तपकिरी. दुसरी खरवडली. तपकिरी. रांगेच्या शेवटापर्यंत ती गुडघ्यांवर सरकत गेली, प्रत्येक झुडूप, प्रत्येक फांदी, अगदी जमिनीपासून. हिरवं कुठेच नव्हतं.

कुंपणापलीकडून फोमिच आनंदाने म्हणाला, "आलात का, येगोरोव्ना? काम करून ठेवलंय बरं का! एक कोळी जिवंत नाही."

"पाणी कधी घातलंस, फोमिच?"

"मे दिनाच्या सुटीच्या आधी. आठवडा झाला असेल."

"काड्यांना डोळे फुटले नव्हते?"

"थोडे... हिरवी टोकं दिसत होती. म्हटलं, उशीर झालाय, जरा जास्तच घालू. उकळतंच घातलं, अगदी सांगतात तसं. मुळाशी एकेक बादली ओतली, कोळ्याला पळायला जागा नको."

आणि मग मला कुंपणाला चिकटून उभं असलेलं त्याचं नवं न्हाणीघर दिसलं. आतल्या बंबाला नळी, नळी कुंपणावरून थेट इकडे. मी कपाळाला हात लावला. उकळतं पाणी असं आमच्याकडे सगळे म्हणतात खरं, पण ते घरातल्या चुलीवरून झारीत भरून, बर्फातून तंगड्या उचलत, वाटेत कुंपणावर दोन शब्द बोलत बागेच्या टोकाला नेतात. तोवर ते हाताला सोसेल इतपत निवतं. हे कुणी कुणाला कधी सांगितलेलंच नाही, कारण सांगायची गरजच कधी पडली नव्हती. बंब कुंपणाला आणून ठेवणारा फोमिच पहिलाच.

"काय झालं?" तो विचारत होता. "येगोरोव्ना, काय झालं?"

त्या मोठ्या आवाजाची बाई, पण तिच्या तोंडून आवाजच फुटेना. मीच सांगितलं त्याला. त्याने कुंपणाची फळी धरली आणि हळूहळू तिथेच खाली बसला. त्या दिवसापासून तो दिवसाउजेडी बाहेर दिसेनासा झाला. पाव आणायला शेजारच्याला पाठवायचा.

दोन आठवडे आम्ही मुळांतून फुटवा येतोय का पाहिलं. आला नाही. शुबिनला काय दाखवायचं? पुढच्या शनिवारी, दुकान भरलेलं असताना, येगोरोव्ना आत आली आणि वजनकाट्याला टेकून उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "माझं झुडूप मेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याने कुणी माझी काडी चोरली असेल त्याने आत्ता सांगा. मी एक शब्द बोलणार नाही. देवाची शपथ."

दुकानातले सगळे एकदम बरण्यांची झाकणं निरखायला लागले.

"मी? छे!" ग्लाफिरा सगळ्यांत आधी म्हणाली. ग्लाफिरा तिच्याच गल्लीतली, सगळ्यांच्या खबरी ठेवणारी. "तुझ्या कुलपाला हात लावायची हिंमत कुणाची आहे?"

"आमच्याकडे जुनीच लहान फळांची आहे, येगोरोव्ना," वसाहतीचे अध्यक्ष अर्सेनी इल्यिच म्हणाले आणि टोपी काढून छातीशी धरली. "आईच्या थडग्याची शपथ."

एकेक करून सगळ्यांनी शपथा घेतल्या. कुणी आईची, कुणी पोटच्या पोरांची, एकाने आपल्या नव्या मोटारीची. ही शेवटची शपथ तेवढी गंभीर वाटली. मग पाव घेऊन सगळे बाहेर पडले, कधी नव्हे इतक्या घाईने.

येगोरोव्ना माझ्या बाकावर बसून राहिली. मला वाटलं, झुडूप गेल्याचं दुःख करतेय. पण ती वर बघून म्हणाली, "इतक्या वर्षांत एकालासुद्धा चोरावंसं वाटलं नाही गं? एकालाही? म्हणजे मीच वेडी. कुलूप लावून काय जपत होते मी?"

चेहरा असा, जणू कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारली. झुडूप मेलं तेव्हाही ती इतकी पडली नव्हती.

हे मात्र माझ्याने पाहवेना. "येगोरोव्ना," मी म्हटलं, "ग्लाफिराच्या बागेत मूठभर फळं येतात असं ती सांगते. गेल्या जुलैत तिने माझ्याकडून दोन पोती साखर नेली. काकड्यांचा मुरंबा करते का ती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि चालू लागली. तिच्या मागे धावता धावता मला दम लागला. ग्लाफिराच्या फाटकातून ती न विचारता आत गेली, वाफे ओलांडले, कोंबड्या उडवल्या आणि संडासामागे वळली. तिथे, फळ्यांच्या आडोशाला, सैनिकासारखी ताठ उभी, हिरवीगार, कळ्यांनी लगडलेली...

"उस्तिन्या," येगोरोव्ना म्हणाली. स्वतःचंच नाव, पण पहिल्यांदा भेटल्यासारखं.

ग्लाफिरा पायरीवर आली. "ती माझ्या मावशीने दिलीय!"

"कोणत्या मावशीने?"

"वारली ती."

"अगं, तुझी मावशी माझं कुलूप कशी उघडायची?"

"कुलूप कुणी उघडलं?" ग्लाफिरा फसकन म्हणाली. "मागचं कुंपण कधी पाहिलंयस का? त्यातून गाय जाईल!"

मग कशाचं काय आणि शपथा कशाच्या. त्या दिवशी आम्ही गल्ली पालथी घातली. अध्यक्षांकडे काचघरामागे. मोटारीची शपथ घेणाऱ्याकडे त्याच मोटारीच्या गॅरेजमागे. कुठे कंपोस्टच्या खड्ड्याशी, कुठे कुत्र्याच्या घरामागे. जिथे पाहुणा जात नाही अशी वसाहतीतली प्रत्येक जागा त्या झुडपाने व्यापली होती. एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच चोर. येगोरोव्ना प्रत्येक ठिकाणी 'बघ, बघ' एवढंच म्हणत होती. शिव्या द्याव्या की मिठी मारावी, तिचं तिलाच ठरवता येईना, म्हणून अध्यक्षांना तिने आधी शिवी दिली आणि मग मिठी मारली.

एकाच बागेत ते झुडूप नव्हतं. फोमिचच्या. तो एकटाच खरा निघाला, आणि त्यानेच रांग मारली.

जुलैमध्ये शुबिन आला. बरोबर जाणकार बाई: वास्सा निकानोरोव्ना, ऐंशीकडे झुकलेली, काडीसारखी बारीक, गळ्यात भिंग. शुबिनला सगळी हकीकत सांगितल्यावर तो हसून हसून वाकला. म्हणाला, "उत्तम! एवढ्या बागांत, एवढ्या हयगयीत टिकलीय म्हणजे चाचणीच झाली." आम्ही त्यांना आधी ग्लाफिराकडे नेलं, कारण तिची फळं सगळ्यांत पुढे होती. ग्लाफिराने त्या दिवसासाठी संडासाला रंग दिला होता.

वास्सा निकानोरोव्नाने एक घड हातात घेतला. खालचं फळ खुडलं. जिथून देठ सुटला ती जागा भिंगातून पाहिली. पान उलटं केलं, बोटाने शीर चाचपली. फळ तोंडात टाकलं आणि चावलंच नाही, तसंच धरून ठेवलं. मग तिने आजूबाजूला पाहिलं. मी घाईघाईने एक बादली पालथी घातली, तेव्हा ती त्यावर बसली.

"बरं वाटत नाही का?" शुबिनने विचारलं.

"हे जळालं होतं," ती म्हणाली.

"नाही, नाही, ते त्या दुसऱ्या बागेत..."

"आमच्या केंद्रात." तिने घड अजून हातात धरला होता. "पगाराऐवजी आम्हाला रबरी बूट देत होते त्या वर्षी. माझा विभाग बंद केला. बटाटे लावायला जमीन हवी म्हणून माझी सगळी झुडपं उपटली, ट्रकमध्ये भरली आणि जाळायला नेली. त्यात हे होतं. ही जात तयार करताना परागकण मी स्वतः कुंचल्याने लावले होते. माझं अर्धं आयुष्य होतं त्या ट्रकमध्ये. मी फाटकाशी उभी राहून बघत होते."



"ट्रक कोण चालवत होतं?" येगोरोव्नाने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर मला आधीच दिसलं.

"एक उंच माणूस होता. गाण्याचा नाद होता त्याला. नाव काय बरं त्याचं... सगळे प्राध्यापक म्हणायचे."

येगोरोव्नाने संडासाच्या ओल्या रंगाला हात टेकला आणि तो तसाच राहू दिला. "बीपासून वाढवलं म्हणाला," ती म्हणाली. "सगळ्या पाहुण्यांसमोर. माझ्या भावासमोर. तो मरेपर्यंत मी त्याच्या हुशारीचे गोडवे गायले. त्याच्या शोकसभेत गायले!"

"बाई," वास्सा निकानोरोव्ना म्हणाली, "त्याने चोरलं नसतं तर हे आज नसतं."

"ते मला कळतंय! पण मला का नाही सांगितलं?"

शुबिनने घसा खाकरला. धंदेवाला माणूस, रडारड चालली की त्याला कागद आठवतात. "माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. "झुडूप तेच आहे. फक्त निर्माता म्हणून कुणाचं नाव लिहायचं एवढं सांगा. केंद्राचा तो विभागच उरलेला नाही, भांडायला कुणी येणार नाही."

"त्यांच्या यजमानांचं लिहा," वास्सा निकानोरोव्ना म्हणाली. "जिवंत त्यांनी ठेवलं. माझं वय झालंय. मला ते पुन्हा तोंडात घालायला मिळालं, एवढं बास."

आता खरं सांगायचं तर मला वाटलं, येगोरोव्ना गप्प बसेल. तिला तेच तर हवं होतं, हिवाळ्यापासून त्याच्यासाठीच मान ताठ झाली होती. एक शब्द बोलायची गरज नव्हती. न बोलली असती तर आम्ही कुणी तोंड उघडणार नव्हतो, आमच्या इथे त्याची सवय आहे. तिने हाताचा हिरवा रंग एप्रनला पुसला आणि शुबिनकडे वळली.

"सावेलीचं नाव नको. तो माझ्याशी एकदा खोटं बोलला, ते पुरे. मी सरकारशी खोटं बोलणार नाही. या बाईंचं लिहा. आडनाव नीट विचारून घ्या, चुकवू नका."

"आणि जातीचं नाव?" शुबिनने वास्साकडे पाहिलं. "बदलायचं असेल तर आत्ताच सांगा."

"आमच्याकडे नाव नव्हतंच, आकडा होता," वास्सा म्हणाली. तिने येगोरोव्नाला वरपासून खालपर्यंत निरखलं, जसं मघाशी पान निरखलं होतं. "उस्तिन्या राहू दे. शोभतं त्याला. तेही असंच खांबासारखं उभं असतं."

"राहू दे तर राहू दे," येगोरोव्ना म्हणाली. "आजवर मला सगळ्यांनी चोरून खाल्लं. आता पैसे मोजून खाऊ देत."

ग्लाफिरा हसली. मग वास्सा निकानोरोव्नाही हसली. येगोरोव्ना हसली नाही.

रविवारी ती स्मशानात निघाली तेव्हा मी बरोबर गेले. एकटीला सोडवेना. आमच्याकडे थडग्याशी बसून गेलेल्याच्या नावाने खातात, पण तिच्याकडे सारण भरलेला पिरोग नाही, फुलं नाही, हातात काही नाही. सावेलीच्या थडग्यासमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिचा आवाज परत आला. रेल्वेच्या फलाटावरचा तो आवाज. तिने त्याला काय काय विचारलं! पाहुण्यांचं विचारलं, भावाचं विचारलं. "एवढी वर्षं एका उशीवर झोपलास, एकदा कानात सांगायला काय झालं होतं, प्राध्यापका?" असंही विचारलं. शेजारच्या थडग्याशी एक कुटुंब अंडी सोलत बसलं होतं. त्यांनी फडकं गोळा केलं, अंडी उचलली आणि दोन रांगा पलीकडे जाऊन बसले.

ऊन चढलं. मी फाटकाशी जाऊन थांबले. बसची वेळ झाली तशी परत गेले तर ती थडग्याशेजारच्या बाकावर बसून, आवाज उतरवून, अजून बोलतच होती.

"चल, येगोरोव्ना. बस जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "माझं अजून संपलं नाही."